त्याची उंची त्याला सांगू नका

प्रश्न :

आदरणीय काका,

आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी सांगलीहून अमेरिकेत आलो आणि आता मध्यपश्चिमेतल्या एका लहान गावात राहतो. आमचा मुलगा जवळच्याच एका छोट्या कॉलेजात मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात चार वर्षे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी, म्हणून खेळला आहे. उंची पाच फूट सहा इंच, वजन १६८ पौंड. संघाच्या फोटोत तो कुणाचा तरी धाकटा भाऊ वाटतो. तरीही यंदा दहा सामन्यांत त्याने चौदाशेच्या वर यार्ड काढले. मे महिन्यात पदवी मिळेल आणि एका चांगल्या कंपनीने जूनपासूनची नोकरी देऊ केली आहे. आता तो म्हणतो, मार्चमध्ये मला व्यावसायिक संघांच्या निवडचाचणीला उतरायचे आहे. इथे नाही जमले तर कॅनडा, नाही तर युरोप. त्याचे बाबा शाळेत खो-खो खेळलेले, पण या खेळाचे नाव काढले की ताटावरून उठतात. दोघांत आता कामापुरतेच बोलणे होते. नोव्हेंबरमधल्या शेवटच्या सामन्याआधी आईवडिलांना मुलासोबत मैदानात बोलावतात, तेव्हा मी एकटीच त्याच्याबरोबर चालले. दुसऱ्या वर्षी डोक्याला मार लागून तो तीन आठवडे बाहेर होता, तेही मनातून जात नाही. 'तू लहान चणीचा आहेस, हे तुझे काम नाही' हे त्याला न दुखवता कसे सांगू? सोबत एका सामन्याची चित्रफीत पाठवते आहे, त्यातली त्याची साठ यार्डांची धाव जरूर पाहा.

— एक आई

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी हातात घेतो, कारण त्याचे उत्तर मला सर्वांत खात्रीने देता येते. 'तू लहान चणीचा आहेस' हे त्याला कोणत्याही शब्दांत सांगू नका. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे उंची आणि वजन छापलेले असते, सामन्याचे वर्णन करणारा कधी कधी ते ध्वनिवर्धकावरून वाचतो, आणि चाल सुरू होण्याआधी समोरच्या संघातली मुले त्यावरून काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखे नाही. दहाव्या-अकराव्या वर्षापासून हेच ऐकत आलेल्या मुलाने चौदाशे यार्ड काढले आहेत. तेच वाक्य आता आईने उच्चारले, तर त्यातली काळजी त्याला ऐकू येणार नाही. बाकी सगळ्यांच्या रांगेत आपली आईही जाऊन उभी राहिली, एवढेच त्याला समजेल.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. इथल्या एका छोट्या कॉलेजात मी जवळजवळ तीस वर्षे गणित शिकवले आणि त्यांतली बरीच वर्षे शनिवारी दुपारी, घरच्या सामन्यांना, साखळी धरण्याचे काम केले. दहा यार्ड लांबीच्या साखळीने जोडलेले दोन खांब आणि चालीचा आकडा दाखवणारा तिसरा खांब घेऊन तीन-चार जण मैदानाच्या अगदी कडेला उभे असतात. छोट्या कॉलेजांत हे काम बहुधा गावकरी किंवा प्राध्यापकच करतात. खेळाडू आमच्या पायांशी येऊन आदळत. त्या काळात आमच्या संघातला एक बुटका रनिंग बॅक दर सोमवारी कॅल्क्युलसच्या शंका घेऊन माझ्या खोलीत येत असे, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेला. एका सोमवारी मी अगदी मायेने त्याला म्हणालो की तुझ्यासारख्या अंगकाठीच्या मुलाने हा खेळ सोडून अभ्यासावर लक्ष दिले तर तू फार पुढे जाशील. त्याने वही मिटली, माझे आभार मानले आणि निघून गेला. पुढे मे महिन्यापर्यंत तो माझ्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसत होता, पण शंका विचारायला माझ्या खोलीत पुन्हा कधी आला नाही. मी काही चूक बोललो होतो असे मला कित्येक महिने वाटले नव्हते, आणि आज मला त्याचेच अधिक वाईट वाटते.

आता तुमच्या मुलाच्या खेळाकडे वळतो. ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात आणि चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार चालींत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. प्रत्येक चालीला डाउन म्हणतात. रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या वा सोपवणाऱ्या खेळाडूच्या, शेजारी किंवा मागे उभा राहतो, त्याच्याकडून चेंडू घेतो आणि पुढच्या पाच लाइनमननी उघडलेल्या फटीतून पळतो. छोट्या कॉलेजांतसुद्धा हे लाइनमन अडीचशे-तीनशे पौंडांचे असतात, आणि ती फट जेमतेम सेकंदभर उघडी राहते.

आता या सेकंदात उंचीचे काय होते ते पाहा. बचाव करणारा लाइनबॅकर चार-पाच यार्ड मागे उभा राहून त्या धिप्पाड खांद्यांच्या मधून चेंडू शोधत असतो. सहा फुटी रनिंग बॅकचे हेल्मेट त्याला दिसते. साडेपाच फुटी मुलाचे दिसत नाही. मी साखळीच्या खांबाजवळून पाहत असतानासुद्धा कित्येकदा चेंडू कुणाकडे आहे ते कळत नसे, आणि मग त्या गर्दीच्या भलत्याच बाजूने कमरेत वाकलेला एक मुलगा बाहेर पडलेला असे. शिवाय धरणाऱ्याला पकड घ्यायची तर त्याच्याहून खाली जावे लागते, आणि इतक्या ठेंगण्या मुलाच्या खाली जायला जागाच उरत नाही. अंगाचा भार जमिनीलगत असल्यामुळे त्याला वेग न घालवता दिशा बदलता येते. तात्पर्य, तुमचा मुलगा उंची कमी असूनही चांगला खेळतो, असे जे तुम्ही पत्रात सूचित केले आहे ते मला पटत नाही. त्याने आपला खेळ त्या उंचीतूनच घडवला आहे.

मात्र वजनाची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लहान चणीचे होते आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, पण ते बँटमवेट गटात. समोरचा मल्ल त्यांच्याच वजनाचा असे. कुस्तीने लहान चणीच्या माणसासाठी ही न्याय्य सोय करून ठेवली आहे. फुटबॉलमध्ये वजनगट नाहीत. १६८ पौंडांच्या मुलाला २३० पौंडांचा लाइनबॅकर त्याच मैदानात, त्याच चालीत भेटतो.

म्हणूनच तुम्ही पाठवलेल्या चित्रफितीत मला सर्वांत मोलाची वाटली ती चाल तुम्ही सांगितलेली नव्हे. साठ यार्डांची ती धाव मी पाहिली, सुरेखच आहे. पण मी तीन वेळा मागे नेऊन पाहिली ती सामन्याच्या तिसऱ्या चतुर्थांशातली एक चाल, जिच्यात चेंडू त्याच्या हातात नाही. तिसरा डाउन, आठ यार्ड अजून बाकी, क्वार्टरबॅक चेंडू फेकण्यासाठी मागे सरकतो आणि एक लाइनबॅकर मधल्या फटीतून सरळ त्याच्यावर धावून येतो. त्याला अडवणे हे तुमच्या मुलाचे काम. तो मागे थांबून वाट पाहत नाही. एक पाऊल पुढे टाकतो, गुडघे वाकवतो, डोके बाजूला ठेवून दोन्ही तळहात त्या मुलाच्या छातीवरच्या कवचावर मधोमध रोवतो. धक्क्याने दोन पावले मागे ढकलला जातो, पाठ कमानीसारखी होते, पण पाय सुटत नाहीत. तेवढ्यात चेंडू निघून जातो आणि हा त्या लाइनबॅकरखाली उताणा पडतो. टाळ्या पलीकडे चेंडू झेलणाऱ्याला मिळतात. हा उठतो, हनुवटीखालची पट्टी सारखी करतो आणि धावत पुढच्या चालीसाठी जाऊन उभा राहतो.

व्यावसायिक संघांचे निरीक्षक लहान रनिंग बॅकमध्ये सर्वांत आधी हेच शोधतात. पळता येणारी मुले त्यांना पुष्कळ मिळतात. ज्याला क्वार्टरबॅकचे रक्षण करता येत नाही तो मैदानात आला की समोरचा संघ त्याच्याच अंगावर माणसे सोडतो, आणि मग प्रशिक्षक त्याला बाहेर बसवतो. लहान चणीच्या बहुतेक मुलांचे नाव यादीतून इथेच गळते. तुमच्या मुलाला हे येते, आणि कुणीतरी त्याला ते फार मेहनतीने शिकवलेले दिसते.

तो तुम्हाला डॅनी वुडहेडचे नाव सांगत असेल. अशा प्रत्येक मुलाच्या तोंडी ते असतेच, आणि त्याला कारणही आहे. नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या नॉर्थ प्लॅट गावचा हा मुलगा पाच फूट आठ इंचांचा. मोठ्या विद्यापीठांनी त्याला शिष्यवृत्ती दिली नाही, म्हणून तो त्याच राज्यातल्या शॅड्रन स्टेट या डिव्हिजन टू, म्हणजे दुसऱ्या स्तरावर खेळणाऱ्या, कॉलेजात गेला. २००६ च्या एका हंगामात त्याने तिथे २,७५६ यार्ड काढले आणि डिव्हिजन टूमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हार्लन हिल करंडक लागोपाठ दोन वर्षे जिंकला. तरी २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत, त्याला कुणी घेतले नाही. न्यू यॉर्क जेट्सने नंतर करारावर घेतले, तर पहिल्याच सराव शिबिरात गुडघ्याचा अस्थिबंध तुटून वर्ष वाया गेले. २०१० मध्ये जेट्सने त्याला सोडले आणि काही दिवसांत न्यू इंग्लंड पेट्रियट्सने उचलले. फेब्रुवारी २०१२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने फेकलेला चेंडू झेलून त्याने टचडाउन केला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला, आणि २०१५ मध्ये चार्जर्सकडून खेळताना एका हंगामात ८० झेल घेतले. पळण्याबरोबर झेलणे आणि अडवणे त्याला येत होते, म्हणून तो २०१७ पर्यंत टिकला.

ऑस्टिन एकलर हे दुसरे नाव. कोलोरॅडोच्या डोंगरांतल्या गनिसन गावातल्या कॉलेजातून तो आला, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये कुणी निवडला नाही, आणि २०२२ मध्ये त्याने १०७ झेल घेतले व सबंध लीगमध्ये सर्वाधिक, १८, टचडाउन केले. तुमच्या मुलाच्या पातळीवरचे, म्हणजे डिव्हिजन थ्रीचे, उदाहरण हवे असेल तर आयोवातल्या को कॉलेजचा फ्रेड जॅक्सन आहे. शाळेत असताना अंगाने लहान म्हणून तो मागे पडला होता. कॉलेजनंतर तो छपराखालच्या मैदानांत खेळल्या जाणाऱ्या छोट्या व्यावसायिक संघात खेळला, मग युरोपात, आणि २००७ मध्ये बफलो बिल्सकडून पहिला सामना खेळेपर्यंत पदवीला चार वर्षे उलटली होती. २००९ मध्ये त्याने हजारावर यार्ड काढले.

ही नावे मी आदराने सांगतो, पण त्यांच्यासोबत त्यांची वजनेही सांगायला हवीत, आणि तीच नेमकी सांगितली जात नाहीत. वुडहेड दोनशे पौंडांच्या आसपास होता. एकलरही तसाच. डॅरेन स्प्रोल्स तर तुमच्या मुलाएवढाच, पाच फूट सहा इंच, पण १९० पौंडांचा, आणि तो एका मोठ्या विद्यापीठातून आलेला. फ्रेड जॅक्सन पुढे सहा फुटांच्या वर वाढला. बाकीची माणसे उंचीने लहान होती, वजनाने नव्हती. तुमच्या मुलाला त्यांच्याजवळ पोहोचायला वीस-तीस पौंड कमी पडतात, आणि ते मार्चपर्यंत चढवण्याचा प्रयत्न त्याने मुळीच करू नये. घाईने चढवलेले वजन त्याचे पाऊल जड करील आणि मग त्याच्याकडे जे आहे तेही जाईल.

बाकी गणित सांगायलाच हवे तर असे आहे. अमेरिकेत दर वर्षी कॉलेजचे सुमारे सोळा हजार फुटबॉलपटू ड्राफ्टला पात्र होतात आणि सात फेऱ्यांत मिळून अडीचशेच्या थोडे वर निवडले जातात. डिव्हिजन थ्रीमधून एखाद्या वर्षी एक-दोघे निवडले जातात, काही वर्षी एकही नाही. तुमचा मुलगा एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, खेळेल असे मला वाटत नाही. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण तुम्ही मला विचारले आहे. त्याने मला विचारलेले नाही, आणि इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला ही टक्केवारी काढता येत नसेल असेही मला वाटत नाही.

तरीही त्याने मार्चमध्ये चाचणीला जावे, असे माझे ठाम मत आहे, आणि तुमच्या घरातले भांडण जेवढे मोठे वाटते तेवढे ते नाही हे तुम्हाला कॅलेंडर समोर ठेवले की दिसेल. या चाचणीला प्रो डे म्हणतात आणि ती एका सकाळीत संपते. चाळीस यार्डांची धाव, जागेवरून उंच आणि लांब उडी, २२५ पौंडांचा बार छातीवरून किती वेळा उचलता येतो ते, शंकूंभोवती वळणे घेत पळणे, आणि मग झेलण्याचा सराव. छोट्या कॉलेजांतली मुले बहुधा जवळच्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या प्रो डेला जातात. त्यासाठी त्याच्या प्रशिक्षकाने तिथे आधीच शब्द टाकावा लागतो, तेव्हा हे काम जानेवारीतच करायला सांगा. ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस होतो. न निवडलेल्यांपैकी कुणाला संधी द्यायची असेल तर संघ त्याच रात्री किंवा पुढच्या काही दिवसांत फोन करतात, आणि नवोदितांची छोटी शिबिरे मे महिन्याच्या पूर्वार्धात असतात. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत फोन येतो किंवा येत नाही. नोकरी जूनमध्ये सुरू होते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतच नाहीत, ताई. त्याने कंपनीचे पत्र आज स्वीकारावे आणि मार्चमध्ये पळावे.

पैशांबाबत मात्र सावध राहा. या महिन्यांत त्याला फोन येतील. कुणी हजारो डॉलरच्या खास प्रशिक्षणाची जाहिरात करील, कुणी आधी शुल्क भरा म्हणजे निरीक्षकांसमोर उभे करतो म्हणेल. नोंदणीकृत एजंट आपला वाटा करार झाल्यावर, करारातून घेतो. जो आधी पैसे मागतो त्याचा फोन ठेवून द्यावा. त्याच्या कॉलेजची व्यायामशाळा आणि त्याचा प्रशिक्षक त्याला पुरेसे आहेत.

कॅनडाबद्दल त्याचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. तिथले मैदान ६५ यार्ड रुंद असते, इथल्या ५३ च्या मानाने बरेच मोकळे, आणि लाथाडून आलेला चेंडू झेलून परत पळणाऱ्याला नियमाने पाच यार्डांची मोकळीक मिळते. चपळ लहान माणसाला ही जागा मानवते. पण तिथे चारऐवजी तीनच डाउन असल्यामुळे चेंडू अधिक फेकला जातो, रनिंग बॅकच्या वाट्याला कमी येतो, आणि परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बंधन असल्याने त्या थोड्या जागांसाठी मोठ्या विद्यापीठांतली मुले रांगेत असतात. युरोपचे वेगळे आहे. जर्मनीसारख्या देशांत क्लब एखाद्या अमेरिकन मुलाला राहायला खोली, थोडा हातखर्च आणि बहुधा क्लबच्या लहान मुलांना शिकवण्याचे काम देतात. तिथेही अमेरिकनांची संख्या मर्यादित असते, पण त्याच्या आकड्यांवर त्याला विचारणा होऊ शकेल. पैसा म्हणून त्यात काही नाही. तसे बोलावणे आलेच, तर त्याने कंपनीला शरद ऋतूत रुजू होऊ का असे विचारावे. कंपनी लेखी हो म्हणाली तर जावे, नाही म्हणाली तर नोकरी धरावी. त्याच्याच वयाचा माझा मुलगा असता तर मी त्यालाही हेच सांगितले असते.

आता डोक्याच्या माराबद्दल. तुमच्या सबंध पत्रात ही एकच ओळ अशी आहे जिथे तुम्ही हट्ट धरावा असे मला वाटते. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दिवंगत फुटबॉलपटूंचे २०२ मेंदू तपासले, तेव्हा १७७ मध्ये वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार आढळला. कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांत तो होता. ज्या कुटुंबांना आधीच शंका होती त्यांनीच बहुधा हे मेंदू दान केलेले होते, त्यामुळे खेळणाऱ्या दहापैकी नऊ मुलांना हा विकार होतो असा अर्थ त्यातून निघत नाही. पण खेळलेली वर्षे जसजशी वाढतात तसतसा धोका वाढतो, हे त्याच गटाने पुढे दाखवून दिले आहे, आणि चक्कर न आणणारे छोटे धक्केही त्यात जमेला धरावे लागतात. मी वर ज्या चालीचे एवढे कौतुक केले, तसल्या चालींत ते धक्के बसतात. हे लिहिताना मला अवघड वाटते, पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुपर बोलपर्यंत पोहोचायला आवश्यक असलेले कौशल्य आणि त्याच्या डोक्याला असलेला धोका एकाच ठिकाणी आहेत.

तेव्हा उंचीऐवजी हे बोला. प्रो डेला धडक नसते, त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही. त्यापुढे कुठेही करार करण्याआधी मात्र त्याने मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे, दुसऱ्या वर्षीच्या माराचे कॉलेजकडचे कागद सोबत न्यावेत, आणि आणखी एखादा हंगाम खेळण्याबद्दल त्यांचे मत घ्यावे. त्याला एक प्रश्न तुम्ही एकांतात विचारा, आणि उत्तरासाठी थांबा : प्रशिक्षकाला न सांगता खेळत राहिलास, असे किती वेळा झाले? बहुतेकांच्या बाबतीत याचे उत्तर शून्य नसते. डॉक्टर नको म्हणाले तर नको, हे त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या. हा हट्ट त्याला अपमान वाटणार नाही, कारण तो त्याच्या खेळाला कमी लेखत नाही.

राहता राहिले तुमचे यजमान. नोव्हेंबरमधल्या त्या दिवसाला इथे सीनियर डे म्हणतात. साखळीच्या जागेवरून मी असे बरेच दिवस पाहिले आहेत. मुलाचे नाव पुकारतात, तो एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला वडील घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालतो. ज्याची एक बाजू रिकामी असते तो मुलगा हेल्मेट त्या हातात धरतो. तुमच्या मुलाने काय केले ते तुम्ही लिहिलेले नाही आणि मी विचारणार नाही. पण त्यांचे उठून जाणे हे रागापेक्षा भीतीचे लक्षण असावे, असे मला वाटते. ज्या खेळात आपल्या मुलाला कुणी जोरात आपटते तो खेळ पाहवत नाही, एवढेच त्यामागे असेल. त्यांना मुलाच्या नोकरीची वा आकडेमोडीची चर्चा करायला बसवू नका. त्यांना फिल्म पाहायला बसवा.

प्रत्येक संघाकडे सामन्याचे एक वेगळे चित्रीकरण असते, उंचावरून घेतलेले, ज्यात बावीसही खेळाडू दिसतात. खेळाडूंना ते आपापल्या लॅपटॉपवर उघडता येते. तुमचे यजमान खो-खो खेळले आहेत, म्हणजे पळतीचा गडी काय करतो ते त्यांना मी सांगायला नको. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा पकडली की त्याला मागे वळता येत नाही, पळणारा मात्र बसलेल्या गड्यांच्या मधून हवा तसा शिरू शकतो. म्हणून चांगला पळणारा आधी पाठलाग्याला एका बाजूला झुकायला लावतो आणि मग हुलकावणी देऊन दुसऱ्या बाजूने निसटतो. तुमचा मुलगा लाइनबॅकरशी तंतोतंत हेच करतो. त्याच्या साठ यार्डांच्या धावेत तो आधी उजवा खांदा टाकतो, लाइनबॅकरचे वजन त्या पायावर गेल्याचे पाहतो, आणि मग डावीकडच्या फटीत शिरतो. घरात कुणी शिकवलेले नसताना ते त्याच्यात कुठून आले, हा विचार सांगलीच्या मैदानावर पळलेल्या माणसाच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

एखाद्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दोघांना शेजारी बसवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात काहीतरी काम काढा. यजमानांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचे : इथे तू का थांबलास, इथे याला सोडून त्याला का अडवलेस. सुरुवात धावेपासून करू नका. ती झाली की मुलगा लाजेल आणि वडील छान म्हणून उठतील. तिसऱ्या चतुर्थांशातली ती चाल आधी लावायला सांगा, तिसरा डाउन, आठ यार्ड, आणि चेंडूकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहायला सांगा.

तुमचा,
काका